सत्तावन्न किलोचा चॅम्पियन कुठे जाणार?

परभणी जिल्ह्यातल्या गावजत्रेच्या आखाड्यात वजनकाटा नसतो. पंच दोन पैलवानांना शेजारी उभं करतात. उंची, छाती, मांड्या नजरेनं जोखतात, कुठल्या तालमीतला, कुणाचा पट्ठा ते विचारतात आणि जोड लावतात. तोडीस तोड वाटली की हलगी कडाडते. दुपारी लहान पोरांच्या थोडक्या रुपयांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि दिवस कलताना शेवटची मानाची कुस्ती लागते. इनाम अंगाबरोबर वाढत जातं. हलक्या अंगाचा पैलवान कितीही चपळ असो, त्याची कुस्ती दुपारच्या उन्हातच संपते. गाव जमतं ते मोठ्या अंगाच्या जोडीसाठी.

हाच पोरगा पुढच्या महिन्यात जिल्हा क्रीडा संकुलात मॅटवर उतरतो तेव्हा आधी काट्यावर चढतो. तिथे ५७ म्हणजे ५७. शंभर ग्रॅम जास्त भरले तर घरी. जिंतूर, गंगाखेड, पाथरी, सेलू, पूर्णा, कुठल्याही तालुक्यातला होतकरू पैलवान आज या दोन जगांत एकाच वेळी खेळतो आणि दोन्ही जगं त्याला उलट्या दिशांना ओढतात. माती म्हणते अंग वाढव. मॅट म्हणते काट्यात बस. म्हणून जिल्ह्याचं किंवा विभागाचं पदक गळ्यात पडलं की वस्तादासमोर एकच प्रश्न येतो: पोराला याच गटात ठेवायचं, वरच्या गटात न्यायचं, की दोन-चार किलो उतरवून खालच्या मोकळ्या गटात घालायचं?

जगात हा वाद बॉक्सिंगच्या निमित्तानं जास्त रंगतो. चॅम्पियननं वजनगट बदलावा का, यावर तिथे शंभर वर्षं चर्चा चालू आहे. मराठी मुलखात मात्र या प्रश्नाचं खरं घर कुस्ती आहे. माझं मत आधीच सांगतो. गट बदलण्यात गैर काही नाही, अनेक मोठे पैलवान गट बदलूनच मोठे झाले. पण तो निर्णय पैलवानाच्या हाडापेरानं आणि वयानं घ्यायचा असतो. आपल्याकडे तो इनाम, मोकळी जागा आणि नोकरीचं प्रमाणपत्र घेतं. मराठवाड्यातल्या कित्येक चांगल्या हलक्या पैलवानांचं नुकसान यातूनच झालं आहे.

महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचं. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये उतरले ते फ्लायवेटमध्ये, म्हणजे ५२ किलोंच्या गटात. मातीतला पैलवान, मॅटची सवय नाही, आंतरराष्ट्रीय नियम नवे. तरी ते सहावे आले. त्या काळात अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवलं. चार वर्षांनी हेलसिंकीला खाशाबा गेले ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोंच्या गटात. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव या दोघांनाच ते हरले, आणि त्या दोघांनी अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य नेलं. २३ जुलै १९५२ ला स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांच्या गळ्यात पडलं.

ही कथा आपण सांगतो तेव्हा हेलसिंकीला जाण्यासाठी जमवलेली वर्गणी सांगतो. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं हे सांगतो, आणि ते सांगायलाच हवं. पण ५२ वरून ५७ वर जाण्याची गोष्ट कुणी सांगत नाही. बावन्न किलोच्या माणसाला पाच किलो म्हणजे अंगाचा जवळजवळ दहावा हिस्सा. समोरचे मल्ल तेवढेच जाड मनगटाचे आणि रुंद खांद्याचे होतात. खाशाबांना ते झेपलं याची कारणं मला दोन दिसतात. एक म्हणजे वय. लंडनला ते बावीस वर्षांचे होते, हेलसिंकीला सव्वीसचे. या चार वर्षांत पुरुषाचं अंग आपोआप भरतं. ते भरू दिलं तर पाच किलो ओझं राहत नाहीत, ताकद होतात. दुसरं म्हणजे त्यांचा खेळ ढाकेसारख्या डावांवर आणि चपळाईवर उभा होता, आणि ही शिदोरी वरच्या गटात गेल्यानं हरवत नाही. जोरावर जिंकणारा पैलवान वर गेला की त्याचा जोर समोरच्याच्या जोरात विरून जातो. डावावर जिंकणाऱ्याचा डाव शाबूत राहतो. आणि ध्यानात ठेवायचं ते हे, की त्या पाच किलोंना चार वर्षं मिळाली होती.

आता ऑलिंपिकमधली भारताची कुस्तीची पदकं एका ओळीत मांडून बघा. खाशाबा १९५२, ५७ किलो. सुशील कुमार २००८ आणि २०१२, दोन्ही वेळा ६६. योगेश्वर दत्त २०१२, ६० किलो. साक्षी मलिक २०१६, ५८. रवी दहिया आणि बजरंग पुनिया टोकियोत, ५७ आणि ६५. अमन सेहरावत २०२४, पॅरिस, ५७. सत्तर वर्षांत एकही पदक ६६ किलोंच्या वर नाही. दीपक पुनिया ८६ मध्ये टोकियोला कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचला आणि हरला. त्याच गटात त्यानं २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं होतं, म्हणजे दार पूर्ण बंद आहे असं नाही. पण इराण, अमेरिका, रशिया, जॉर्जिया, तुर्कस्तान इथली जड अंगाची माणसं ज्या गटांत येतात तिथे आपली वाट अरुंद होते, हे आकडेच सांगतात.

आणि महाराष्ट्र केसरी? तो गट ८६ किलोंपासून सुरू होऊन १२५ ला संपतो. राज्य कुस्तीगीर परिषदेनं १९६१ मध्ये सुरू केलेली ही स्पर्धा आपल्या कुस्तीचा कणा आहे, याबद्दल मला आदरच आहे. माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत ५७, ६१, ६५ पासूनचे वजनगट तिथेही असतात, चांगल्या कुस्त्या होतात, पदकं मिळतात. पण चांदीची गदा एकच आणि ती ८६ च्या वरच्याला. मैदान भरतं त्याच्यासाठी. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर फोटो त्याचा. अलीकडे विजेत्याच्या पुढ्यात थार गाडी उभी राहते ती त्याच्याच. ५७ किलोचा राज्यविजेता परभणीच्या स्टेशनवर उतरतो तेव्हा त्याच्या स्वागताला घरचे चार लोक असतात. एकाच स्पर्धेतला एकाच मोलाचा विजय, पण वजनावर त्याची किंमत ठरते.

म्हणजे देशाला ऑलिंपिक पदक जिथून मिळतं ते सगळे गट ६६ च्या आत, आणि राज्यातला मान, पैसा, ओळख सुरू होते ८६ ला. मधल्या वीस किलोंच्या दरीत किती पोरं उतरली असतील! सोळा-सतराव्या वर्षी ६० किलोचा, लांब हाताचा, पट काढण्यात तरबेज पोरगा असतो. त्याला तालमीत कुणीतरी सांगतं की असा काटकुळा राहून केसरी होता येत नाही. मग खुराक वाढतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, आणि आता डब्यातल्या पावडरी. पाच-सहा वर्षांत तो ८८ भरतो. त्यातलं स्नायू किती आणि चरबी किती हे कुणी मोजत नाही. पूर्वीचा पट आता दम लागण्याआधी पहिल्या दोन मिनिटांतच निघतो. तिथे त्याच्यासमोर जन्मजात १०५ किलोच्या हाडाचा पैलवान येतो. पंचविसाव्या वर्षी तो ना केसरी असतो ना ६५ मधला राष्ट्रीय विजेता.

शरीराचा हिशेबही याच बाजूचा आहे. वजन ज्या प्रमाणात वाढतं त्या प्रमाणात ताकद वाढत नाही. ताकद स्नायूच्या जाडीवर, म्हणजे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, वजन मात्र सगळ्या घनफळाचं असतं. म्हणून हलका भारोत्तोलक स्वतःच्या वजनाच्या तिप्पट बार उचलतो आणि जड भारोत्तोलकाला ते जमत नाही. जन्मानं मोठ्या हाडाचा पैलवान ही तूट आपल्या एकूण ताकदीनं भरून काढतो. खाऊन मोठा झालेल्याला ती भरून काढता येत नाही.

याला एक झळझळीत अपवाद आहे, तो लपवता कामा नये. नरसिंग यादव मुंबईत वाढला, आंतरराष्ट्रीय मॅटवर ७४ किलोचा पैलवान. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये सुवर्ण, २०१५ च्या लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य, दोन्ही ७४ मध्येच. आणि त्यानंच २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी जिंकला. आपल्याहून जड पैलवानांना त्यानं दमात आणि गतीत हरवलं. यावरून कुणी म्हणेल की हलका माणूस वर जाऊन जिंकतोच की. मला त्यातून वेगळं दिसतं. नरसिंगनं आपलं खरं घर ७४ मध्येच ठेवलं आणि केसरीला पाहुणा म्हणून गेला. आपल्या जड गटातला दम आणि वेग किती कमी पडतो हेही त्या तीन गदांनी दाखवलं.

नरसिंगच्याच वाट्याला गटबदलाचं दुसरं, कडू प्रकरण आलं. २०१३ अखेर जागतिक संघटनेनं वजनगट बदलले आणि ६६ चा गट गेला. त्याच गटात दोन ऑलिंपिक पदकं जिंकलेला सुशील ७४ मध्ये आला आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलमध्ये सुवर्णही घेऊन गेला. पण रिओ ऑलिंपिकचा कोटा (त्या गटातली भारताची जागा) नरसिंगनं मिळवला होता. सुशीलनं निवड चाचणी मागितली, २०१६ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयानं चाचणीचा आदेश दिला नाही. पुढे नरसिंग उत्तेजक चाचणीत अडकला, क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली आणि ७४ मध्ये भारताकडून रिओत कुणीच खेळलं नाही. चॅम्पियन गट बदलतो तेव्हा तो रिकाम्या खोलीत जात नाही. तिथे आधीच कुणीतरी घाम गाळत असतो.

हे सगळ्यात जास्त सोसलं ते आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेनं. त्याच्याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठवाड्यातल्या हलक्या पैलवानाचं सगळं नशीब त्याच्या कारकिर्दीत दिसतं. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार यांच्याकडे तो घडला. बिराजदार मामा लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे, १९७० च्या एडिंबरो राष्ट्रकुलचे सुवर्णविजेते, बेळगावात सतपालला हरवणारे. पुढे राहुलनं लातूरच्याच काका पवारांकडे कात्रजच्या संकुलात सराव केला. म्हणजे मराठवाड्याच्या तीन पिढ्यांची कुस्ती त्याच्या अंगात होती.

राहुलचं अंग ५७ ते ६१ च्या मधलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी सर्वांत हलका गट ५५ चा होता आणि भारताकडून गेला अमित कुमार. रिओला ५७ मध्ये गेला संदीप तोमर. राहुलनं २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला ५७ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं, अंतिम कुस्तीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं, आणि ते पदक दिवंगत बिराजदार मामांना अर्पण केलं. वाटलं आता टोकियो. पण तोवर ५७ मध्ये रवी दहिया उगवला होता आणि ६५ मध्ये बजरंग पाय रोवून उभा होता. २०१९ मध्ये राहुल ६१ मध्ये उतरला आणि नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ हरवून कांस्य घेऊन आला. पुढच्या वर्षी दिल्लीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतही ६१ मध्ये कांस्य. त्याच नूर-सुलतानला ५७ मध्ये रवीनं कांस्य जिंकलं आणि त्यासोबत ऑलिंपिकचा कोटाही. राहुलच्या पदकासोबत कोटा नव्हता, कारण ६१ ऑलिंपिकमध्ये नाहीच.

यात नियमाचा वाटा मोठा आहे. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये जागतिक स्पर्धेत दहा गट असतात, ऑलिंपिकमध्ये सहा: ५७, ६५, ७४, ८६, ९७, १२५. पहिल्या दोन गटांतच आठ किलोंची खिंड. त्या खिंडीत ज्याचं नैसर्गिक वजन बसतं, त्यानं एकतर अंग सुकवायचं किंवा आपल्याहून चार किलो मोठ्या हाडाच्या माणसांशी झुंजायचं. राहुलनं ६१ निवडलं ते बरोबर की चूक? पदक हाती आलं, तो राज्य पोलिसात उपअधीक्षक झाला, आणि पाटोद्यासारख्या गावातून जागतिक पदकापर्यंत जाता येतं हे हजारो पोरांनी पाहिलं. ऑलिंपिक हुकलं हे खरं. पण अंगाशी न भांडता खेळलेला पैलवान तिशीजवळ असतानाही जागतिक पदक जिंकतो. राहुलचा निर्णय मला योग्य वाटतो आणि ते ऑलिंपिक हुकल्याची हळहळही तेवढीच वाटते.

आता खाली उतरण्याविषयी. वर जाण्यात वेळ वाया जातो, खाली जाण्यात जीव धोक्यात येतो. विनेश फोगट २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० किलोंत सुवर्ण जिंकली, मग ५३ मध्ये गेली आणि तिथे दोन जागतिक कांस्य मिळवली. पुढे दुखापत झाली, दरम्यान ५३ चा पॅरिसचा कोटा अंतिम पंघालनं मिळवला आणि विनेश परत ५० वर आली. ६ ऑगस्ट २०२४ ला तिनं एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. पहिल्याच कुस्तीत जपानच्या युई सुसाकीला हरवलं. संध्याकाळी वजन सुमारे २.७ किलो वर गेलं होतं. रात्रभर व्यायाम, वाफ, शेवटी केससुद्धा कापले. सकाळी काट्यावर शंभर ग्रॅम जास्त. अंतिम कुस्ती गेली, हातात आलेलं पदकही गेलं. दोनच दिवसांनी अमन सेहरावतनं उपांत्य कुस्तीनंतर ६१.५ वर गेलेलं वजन दहा तासांत ४.६ किलोंनी उतरवलं आणि कांस्य जिंकलं. सगळ्या देशानं त्याच्या जिद्दीला दाद दिली. वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत त्याच अमनचं वजन ५७ च्या वर १.७ किलो भरलं आणि त्याला एकही कुस्ती न खेळता बाहेर व्हावं लागलं. दहा तासांत साडेचार किलो उतरवणं ही तयारी नव्हे, तो जुगार आहे. आणि जुगार एकदा लागला म्हणून पुन्हा लागेलच असं नाही.

त्या रात्री शरीरात होतं काय ते परभणीच्या प्रत्येक आईबापानं समजून घ्यावं. एका दिवसात चरबी उतरत नाही, उतरतं ते पाणी. स्नायूंत साठलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते आधी जातं. मग रक्तातलं पाणी कमी होतं, हृदय जोरात पळू लागतं, घाम बंद व्हायला लागतो आणि शरीर तापतं. पूर्वी कुस्तीचं वजन आदल्या संध्याकाळी व्हायचं, रात्रभर पाणी-अन्न घेऊन भरपाई करता यायची. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन त्याच दिवशी सकाळी होतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं. म्हणजे अंग सुकवून मिळणारा जुना फायदा आता उरलेलाच नाही, तरी आपल्या तालमींतली सवय जुनीच आहे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन कॉलेज पैलवान अशाच घाईनं वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथे रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, आणि हंगामाआधीच प्रत्येकाची चरबी मोजून तो किती खाली जाऊ शकतो याची मर्यादा ठरवण्याची पद्धत आली. आपल्याकडे अशी मर्यादा ठरवणारा कुणी नाही. एप्रिल-मे मध्ये परभणीचा पारा ४२ च्या पुढे जातो. त्या उन्हात जाड जॅकेट घालून धावणारं पोर मी पाहतो तेव्हा मला त्याच्या जिद्दीचं कौतुक वाटत नाही, भीती वाटते.

ते पोर बहुतेक वेळा अल्पवयीन असतं. शालेय स्पर्धेत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. दहावी-बारावीला खेळाचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. शेतीतून हाती काही न लागणाऱ्या घरात हे छोटं गणित नाही. म्हणून 'अमुक गटात एकच एंट्री आहे, दोन किलो उतरव' असा सल्ला दिला जातो. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण चौदा वर्षांच्या मुलाचं हाड वाढत असतं, त्या वयात उपाशी ठेवलेलं अंग पुढे ती तूट भरून काढेलच असं नाही. वाढत्या वयातल्या मुलानं खालच्या गटात जाऊ नये, कुठल्याही पदकासाठी जाऊ नये. यात मला मधला मार्ग दिसत नाही.

बॉक्सिंगचा अनुभवही याच दिशेचा, म्हणून तो थोडक्यात. मेरी कोमचं सगळं राज्य ४५ ते ४८ किलोंत होतं. २०१२ ला लंडनमध्ये महिला बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा सर्वांत हलका गट ५१ चा ठेवला. ती वर गेली, आपल्याहून उंच मुलींशी लढली आणि कांस्य घेऊन आली. २०१८ मध्ये ४८ ला परतून तिनं पुन्हा जागतिक सुवर्ण जिंकलं. लव्हलिना बोर्गोहाईननं टोकियोत ६९ मध्ये कांस्य जिंकलं, पॅरिसमधून तो गटच गेला, ती ७५ वर गेली आणि २०२३ ची जागतिक विजेती झाली. निखत झरीन २०२२ मध्ये ५२ मध्ये जगज्जेती, मग ऑलिंपिकसाठी ५० वर उतरली. २०२३ मध्ये तिथेही जगज्जेती झाली, पण पॅरिसला दुसऱ्या लढतीतच चीनच्या वू यूकडून हरली. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मॅनी पॅकियाओ १९९८ ते २०१० या बारा वर्षांत सुमारे ५१ किलोंपासून ७० किलोंच्या गटापर्यंत चढला आणि आठ गटांत विजेता ठरला.  उलट रॉय जोन्स मार्च २००३ मध्ये हेवीवेटला गेला, जॉन रुईझला हरवलं, आणि त्याच वर्षी वाढवलेले स्नायू उतरवून खालच्या गटात परत आला. नोव्हेंबरमध्ये टार्व्हर नावाच्या बॉक्सरशी कसाबसा जिंकला, पुढच्या मे महिन्यात दुसऱ्याच फेरीत आडवा झाला. वर गेल्यानं त्याचं नुकसान झालं असं मला वाटत नाही. घाईघाईनं परत उतरणं त्याला महाग पडलं.

मग परभणीच्या वस्तादानं काय बघावं? मुलगा जास्त न खाता, वजन न तोडता महिनाभर राहिला तर काटा कुठे थांबतो, ते त्याचं खरं वजन. दर आठवड्याला सकाळी, अनशापोटी, वहीत लिहिलेलं. त्या वजनाच्या सगळ्यात जवळचा गट त्याचा. सरावातून सावकाश एक-दोन किलो चरबी गेली तर हरकत नाही, पण स्पर्धेच्या आठवड्यात पाणी तोडायची वेळ येते तेव्हा तो गट त्याचा राहिलेला नाही. त्या दिवशी वर जायचं, पदक सोडून जायचं. वर जातानाही उंची, मनगट आणि बाप-चुलत्यांची अंगलट पाहावी. नुसत्या खुराकानं वाढलेल्या दहा किलोंवर पोराचं आयुष्य लावू नये. हे सांगायला जिल्ह्यात माणसं आहेत. कृषी विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आता गावातच आहे. कृषी विद्यापीठानंच लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी प्रसारित केली. वजन सांभाळणाऱ्या मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास असते, त्यांच्या ताटात ही भाकरी असावी, याकडे तालमींनी कधी पाहिलेलं मला दिसलं नाही.

मुलींचा विषय निघाला म्हणून एक. २०२३ मध्ये महिला महाराष्ट्र केसरी सुरू झाली, सांगलीची प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण तिथेही मोठा मान जड गटालाच राहिला तर पुरुषांच्या कुस्तीत साठ वर्षं जे झालं ते मुलींच्या बाबतीत पहिल्या पिढीपासून सुरू होईल. विनेशचे ५० आणि ५३, साक्षीचे ५८ हे आकडे समोर असताना तसं होऊ देणं परवडणार नाही.

सगळ्यात सोपा बदल जत्रेतच करता येतो आणि तो करायला कुठल्या संघटनेची परवानगी लागत नाही. जत्रा कमिटीनं आखाड्याशेजारी एक वजनकाटा ठेवावा. ६५ किलोंच्या आतल्या पैलवानांची एक मानाची कुस्ती जाहीर करावी, तिचं इनाम शेवटच्या कुस्तीइतकं ठेवावं आणि ती शेवटच्या कुस्तीच्या लगेच आधी, गर्दी पूर्ण भरलेली असताना लावावी. चौसष्ट किलोच्या पोराला आपल्याच गावात, आपल्याच वजनात फेटा मिळाला, तर ८६ कडे धावायचं कारण त्याला राहत नाही. राज्य परिषदेनंही ५७ आणि ६५ च्या विजेत्यांना गदा द्यावी, केसरीएवढी मोठी. ज्या हलक्या गटांतून देशाला कुस्तीतली सगळी ऑलिंपिक पदकं आली, त्यांचा तेवढा हक्क आहे.